तीन मिलीमीटरची खिडकी

"मामा, सूर्य लावा," निनाद म्हणाला.

मी बटण दाबलं. आमच्या लॅबमधला सूर्य म्हणजे टेबलावर खाली तोंड करून बसवलेला एक दिवा. आधी पंखा घरघरतो, मग दिवा पेटतो, आणि दहा मिनिटांत भर दुपारच्या उन्हाला येतो. बाहेर जुलै चालू होता, तीन दिवस खऱ्या सूर्याचं तोंड कुणी बघितलं नव्हतं. आत मात्र चैत्र.

निनाद शहापूरकर हा आमच्या जमदाडे सरांचा लाडका विद्यार्थी. पीएच.डी.चं तिसरं वर्ष, पण चालणं-बोलणं कुलगुरूंचं. त्यानं आपला सोलर सेल, म्हणजे थर चढवलेला काचेचा एक तुकडा, चिमट्यानं दिव्याखाली ठेवला, वर काळा पत्रा बसवला, दोन वायरी जोडल्या आणि माऊस दाबला. पडद्यावर रेघ सरकत गेली, शेवटी खाली वाकली, आणि कोपऱ्यात आकडा आला. १७.२.

तो बघत राहिला. परत माऊस दाबला. परत १७.२.

"मामा," तो हळूच म्हणाला, "किती दिसतंय तुम्हाला?"

"चष्मा घरी राहिलाय. किती आहे?"

"सतरा."

"मार्क का? मग नापास की ओ."

"टक्के, मामा. शंभर भाग उन्हातली सतरा भाग वीज. आपल्या डिपार्टमेंटमध्ये आजपर्यंत कुणी काढलेली नाही."

"मग पेढे?"

"पेढ्यांचं काय घेऊन बसलाय, सरांना बोलावतो आधी." आणि लॅबची स्लीपर पायात तशीच ठेवून तो जिन्यावरून पळत सुटला.

मी दार लोटलं आणि पोट धरून हसलो. कारण माझ्या शर्टाच्या खिशात चुन्याची रिकामी डबी होती, आणि त्या डबीत खरा मास्क होता.

मास्क म्हणजे तोंडाला लावायचा नव्हे. हे दोन हजार सोळा सालचं सांगतोय, तेव्हा तो कुणी लावत नव्हतं. आमचा मास्क म्हणजे काळा रंग दिलेला पातळ पत्रा, मधोमध एक चौकोनी खिडकी. तीन मिलीमीटर लांब, तीन मिलीमीटर रुंद. सेलवर ऊन पडायचं ते त्या खिडकीतूनच. कॉम्प्युटरला सांगून ठेवलेलं असतं की खिडकी तीन बाय तीन आहे, तो त्या हिशेबानं टक्के काढतो. आता खिडकी जरा मोठी झाली तर ऊन जास्त घुसतं, वीज जास्त येते, आणि कॉम्प्युटर बिचारा भागतो मात्र तीन बाय तीननंच. आकडा फुगतो.

हे मास्क मीच करायचो. मी महिपती लाड, आयटीआय फिटर, विद्यापीठात लॅब असिस्टंट. बिस्किटाच्या डब्याचं झाकण कापायचं, भोक पाडायचं, बारीक कानशीनं चौकोन करायचा, वर फळ्याचा काळा रंग. पोरं म्हणायची, लाडमामाचा हात म्हणजे मशीन. त्या हातानं आदल्या दिवशी त्याच झाकणाचा दुसरा मास्क केला होता. खिडकी तीन पूर्णांक तीन. कानशीचे चार हात जास्त, दुसरं काही नाही. डोळ्याला कळत नाही, पण शंभराचे एकशे एकवीस होतात.

बेत साधा होता. निनादनं नवीन पद्धतीनं सेल केला होता आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटला होता. त्याचा आकडा फुगवायचा, त्याला दुपारपर्यंत मिरवू द्यायचं, आणि चार वाजता चहाला सगळे जमले की डबी उघडून खरा मास्क त्याच्या बशीत ठेवायचा. बस्स. एवढ्यासाठी मी रात्री नीट झोपलो नव्हतो, इतकं हसू येत होतं.

आणि खरं सांगतो, हे मी मगदूम मॅडमसाठी केलं होतं.

भाग्यश्री मगदूम जयसिंगपूरची. निनादला दोन वर्षं सीनियर, आणि पाच वर्षांत तिचा आवाज लॅबच्या बाहेर गेला नसेल. दोघांचं काम एकच होतं, रस्ते वेगळे. या सेलमध्ये पेरोव्स्काइट नावाचा तपकिरी थर असतो. ऊन पडलं की तो इलेक्ट्रॉन सोडतो. ते इलेक्ट्रॉन उचलून काचेपर्यंत न्यायला त्याच्या खाली अजून एक थर लागतो. निनादचा तो थर सपाट, सारवलेल्या अंगणासारखा. मॅडमचा थर म्हणजे उभ्या दांड्यांचं रान. केसाच्या जाडीत पाचशे दांड्या बसतील एवढ्या बारीक. स्टीलच्या जाड डब्यात काच आणि आम्ल घालून ओव्हनमध्ये ठेवायच्या, की काचेवर या दांड्या उगवायच्या. मी त्याला कुकर म्हणायचो. "मॅडम, कुकरच्या किती शिट्ट्या?" असं रोज विचारायचो, आणि त्या रोज "तीन" म्हणायच्या.

मला त्यांनी एकदा समजावलं होतं. "मामा, सपाट जागेवर इलेक्ट्रॉन भरकटतात, वाटेत मरतात. दांडी असली की मल्लखांबावरून पोरं घसरतात तसे सरळ खाली येतात." आणि येत होते. एप्रिलमध्ये त्यांच्या दांड्यांच्या सेलनं १६.१ दिला होता. निनादचं सपाट चौदाच्या आसपास घोटाळत होतं. मॅडमचा पेपर परदेशातल्या मासिकानं घेतला होता, छापायचा बाकी. कोरियातल्या एका लॅबनं कळवलं होतं, पेपर आला की या, दोन वर्षांची जागा ठेवतो. फेलोशिप जुलैअखेर संपत होती. सगळं त्या पेपरवर होतं. आणि निनाद येता-जाता म्हणायचा, "दांड्या म्हणजे आठवडाभराचा स्वयंपाक. सपाट ते सपाट." मॅडम उत्तर द्यायच्या नाहीत. म्हणून म्हटलं, उत्तर आपण देऊ.

पण चार वाजायच्या आधी जमदाडे सर आले.

सर आले, आकडा बघितला, खुर्ची ओढून बसले. निनादनं तिसऱ्यांदा मोजून दाखवलं. मॅडम दाराशी उभ्या होत्या, हातात कुकरची पकड.

"मगदूम," सर म्हणाले, "हे बघितलंस? सपाट थर. एका दुपारचं काम. आणि सतरा."

"हो सर."

"मग दांड्यांचा खटाटोप कशाला? थीसिसमध्ये परीक्षक हेच विचारणार."

"सर, एवढी एकदम उडी?" त्या म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात चौदा होतं."

"पद्धत बदलली मी," निनाद म्हणाला. "ओव्हनमध्ये डबल वेळ ठेवला थर."

"असेल. सर, एकदा मास्क मोजून बघते."

"मास्क?" निनाद हसला. "मास्क लाडमामांचा आहे. त्याला काय होतंय?"

मॅडमनी वायरींच्या क्लिपा काढल्या, मास्क कागदात घेतला आणि बी.एस्सी.च्या लॅबकडे गेल्या. तिथं मायक्रोस्कोप होता, स्क्रू फिरवून बारीक अंतर मोजायचा. मी मनात म्हटलं, वा. आता सापडणार, आणि मजा चहाच्या आधीच उडणार. मी डबी खिशातून काढून मुठीत सुद्धा घेतली.

वीस मिनिटांनी त्या परत आल्या. मी स्टोअरमध्ये बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो. त्यांच्या मागे सर, सरांच्या मागे निनाद. निनादचा चेहरा उतरलेला.

"मामा, खिडकी तीन पूर्णांक तीन आहे," मॅडम म्हणाल्या.

मी तोंड उघडणार तेवढ्यात सर बोलले. "लाड, एक सांगा. हा मास्क कुणी बदललाय का? म्हणजे मुद्दाम? तसं असेल तर मी आत्ता रजिस्ट्रारकडे जातो. लॅबमध्ये आकड्यांशी खेळणारा माणूस मला एक दिवस नको."

रजिस्ट्रार म्हटल्यावर माझी मूठ आवळली. फेब्रुवारीत मी एक नोटीस लावली होती. साहेबाच्या सहीसारखी सही, गोल शिक्का बटाट्याचा. सोमवारपासून प्राध्यापकांनी हजेरीच्या मशीनवर उजव्या पायाचा अंगठा द्यावा. दोघांनी मोजे काढले होते, त्यातले एक डीन. मला मेमो मिळाला होता, त्याखाली लिहिलेलं, यापुढे थेट निलंबन.

"नाही सर," मी म्हटलं. "कोण बदलणार? हा तोच आहे."

"कधीपासून तोच?" मॅडमनी विचारलं.

"दोन वर्षं. मी केला तेव्हापासून हाच."

माझ्या डोक्यात एवढंच होतं, की निनादचा आकडा खाली येईल, प्रकरण मिटेल, मॅडम वर राहतील. भोक मोठं पडलं म्हणून मला फार तर चार शब्द ऐकावे लागतील. मी तर खूशच होतो. डबी परत खिशात टाकली.

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग बाटलीवर चिकटवायची एक चिठ्ठी उचलून त्यांनी तिच्या मागं पेननं भागाकार केला. उभ्या उभ्याच.

"काय करतेस?" सर म्हणाले.

"सर, मास्क दोन वर्षं हाच आहे. म्हणजे माझे सगळे सेल याच्याच खाली मोजलेत."



"निनादचं सतरा म्हणजे चौदा पूर्णांक दोन," त्या म्हणाल्या. "आणि माझं सोळा म्हणजे तेरा पूर्णांक तीन."

तेव्हा मला कळलं मी काय बोललो ते.

निनादनं तेव्हा "सपाट ते सपाट" म्हटलं नाही, त्याचं श्रेय त्याला. सरांनी चष्मा काढून पुसला. "दोन दिवस थांब," ते म्हणाले. "घाई करू नको. लाड नवीन मास्क करतील, तू तो मायक्रोस्कोपखाली बघ, आणि एप्रिलचे सेल ठेवलेत ना, ते परत मोज. मग बघू पेपरचं."

"आणि नवीन सेल करून बघितले तर?" मी मध्येच विचारलं.

"हवा पंच्याऐंशी टक्के दमट आहे मामा," मॅडम म्हणाल्या. "पेरोव्स्काइट टाकलं की तासाभरात पिवळं पडेल. निनादचा तो एक कसाबसा जमला. आता ऑक्टोबरशिवाय नाही. आणि माझे राहिलेत बारा दिवस."

त्या दिवशी चहाला कुणी आलं नाही.

घरी जाताना मात्र मी शीळ घालत गेलो, हे लपवत नाही. मला वाट सापडली होती. खोडीवर उतारा खोडीचाच. खरा मास्क तर माझ्या खिशात होता. त्याच्यावर रंगाचा एक नवा हात मारायचा आणि परवा "नवीन मास्क" म्हणून द्यायचा. मॅडम मोजतील, तीन बाय तीन निघेल. त्याखाली एप्रिलचे सेल ठेवतील, आणि पडद्यावर परत १६.१ येईल. आलं की मी म्हणणार, अरेच्चा, मग तो मोठा मास्क मधेच कुठला आला, जुन्या डब्यातून पडला असेल. कुणावर आळ नाही, पेपर छापला, मॅडम कोरियाला. मी बायकोला सांगितलं, रविवारी मटण आण. का ते विचारू नको.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मास्क दिला. रंग अजून चिकट होता.

"सुरेख झालाय," मॅडम म्हणाल्या. मायक्रोस्कोपखाली नेऊन आल्या. "अगदी तीन बाय तीन. मामा, असा आधीच का नाही जमला?"

"तेव्हा कानशी जुनी होती," मी म्हटलं.

सेल ठेवलेले काचेच्या बंद भांड्यात. खाली निळे खडे, सिलिका जेलचे, ते भांड्यातली ओल पिऊन टाकतात. निळे म्हणजे आत कोरडं, गुलाबी झाले की समजायचं ओल शिरली. मॅडमनी झाकण सरकवून खडे बघितले. निळेशार. सेलचा रंगही तपकिरीच होता.

"मामा, सूर्य लावा."

मी लावला. दहा मिनिटं आम्ही दोघं त्या उजेडाच्या कडेला उभे. मी म्हटलं, "मॅडम, कोरियात भात चिकट असतो म्हणे." त्या म्हणाल्या, "गप्प बसा मामा." पण हसल्या.

रेघ सरकली. वाकली. आकडा आला.

१३.२.

त्यांनी दुसरा सेल ठेवला. १३.४. तिसरा. १३.१.

"जुळलं," मॅडम म्हणाल्या. एकदम शांत. "तेरा पूर्णांक तीन निघायला हवं होतं. बरोबर निघालं."

मी त्या आकड्याकडे बघत होतो आणि मला मे महिना दिसत होता. मे महिन्यात सुट्टीला मॅडम घरी गेल्या होत्या. मला सांगून गेल्या होत्या, मामा, आठवड्याला एकदा खडे बघा, गुलाबी झाले तर ओव्हनमध्ये तापवून परत घाला. मी गावच्या जत्रेला गेलो तो सतरा दिवसांनी आलो. वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते. भांड्याचं झाकण कडेनं सरकलेलं, आणि खडे असे गुलाबी, की लग्नातल्या अक्षता. मी ते तापवले, निळे केले, परत घातले, झाकणाला ग्रीस लावलं. कुणाला सांगायचं कारणच नव्हतं. सेल दिसायला जसे होते तसे दिसत होते.

सेल आजारी पडले होते. मास्क खरा होता. सोळा खरं होतं. आणि हे जगात एकट्या महिपती लाडला माहीत होतं.

"खडे निळेच होते ना मामा, मेमध्ये?" त्यांनी विचारलं. वहीत लिहिता लिहिता, मान वर न करता. "म्हणजे सेल बिघडले असं म्हणायला नको. तेवढं एक विचारून घेते."

बघा, तिथं सुद्धा दार उघडं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण ते एक बोललो असतो तर मागचं निघालं असतं, मास्क, डबी, दोन वर्षं तोच, सगळं.

"निळेच होते," मी म्हटलं. "मी बघत होतो की."

त्यांनी तेवढं लिहून घेतलं.

दुपारी मी वर गेलो. ठरवून गेलो होतो. जिन्यात तीनदा वाक्य बोलून बघितलं होतं. मॅडम कॉम्प्युटरसमोर डबा उघडून बसल्या होत्या. भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी. सर शेजारी उभे.

"अजून विचार कर," सर म्हणत होते. "सगळ्यांच्याच मास्कमध्ये थोडंफार असतं. पेपर छापून येऊ दे. तुझी भोकं मोजायला कोण कोरियाहून येतंय?"

"मला माहीत आहे ना सर," मॅडम म्हणाल्या. "पाठवलं मी. पेपर मागे घेतला."

 सर मॅडमच्या खुर्चीच्या पाठीवर दोनदा थोपटल्यासारखं करून निघून गेले.

"बसा मामा," त्या म्हणाल्या. "चटणी घ्या. आईनं पाठवलीय."

"मॅडम, एक बोलायचं होतं."

"मला पण. आधी मी बोलते. परवा सरांनी विचारलं तेव्हा तुम्ही सहज म्हणू शकला असता, की कुणीतरी बदलला असेल. तुमच्या हातचा मास्क चुकला हे कबूल करायची गरज नव्हती. तुम्ही केलंत. म्हणून मला कळलं. नाहीतर मी खोटा आकडा घेऊन परदेशात उभी राहिले असते."

मी चटणीकडे बघत होतो.

"सरांना मी सांगितलंय, माप मीच चुकीचं दिलं होतं तुम्हाला. ते तुम्हाला काही विचारणार नाहीत. तुम्ही काय सांगत होता?"

"काही नाही," मी म्हटलं. "चटणी झकास आहे."

थीसिस झाला. त्यात दोनशे पानं लिहून त्यांनी सिद्ध केलं, की दांड्यांचा उपयोग होत नाही, सपाट थर बरा. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, स्वतःचा पेपर स्वतः मागे घेणारी विद्यार्थिनी मी पहिल्यांदा बघतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तीन वर्षांनी निनादचा हैदराबादहून फोन आला. तिथं नोकरीला होता. म्हणाला, "मामा, मगदूमला सांगू नका, पण चीनमधल्या एका लॅबनं दांड्यांवर पेपर काढलाय. तीच रेसिपी. साडेसोळा टक्के. आपल्याकडं कसं काय जमलं नव्हतं ओ?" मी म्हटलं, आपल्याकडं पाणी जड आहे. तो हसला. मी फोन ठेवला.

खोड्या मी सोडल्या नाहीत, तसं सांगितलं तर खोटं होईल. पण आकड्यांच्या जवळ गेलो नाही. नऊ वर्षं.

यंदा अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, कुरुंदवाडच्या एका ज्युनियर कॉलेजची बस आली. अकरावीची चाळीस पोरंपोरी, आणि बरोबर मगदूम मॅडम. केस थोडे पांढरे, आवाज मात्र मोठा झालेला. पोरांना शिकवून होत असेल. मी त्यांना लॅब दाखवली. द्रव नायट्रोजनमध्ये केळ बुडवून केळ्यानं खिळा ठोकला, एका पोराला म्हटलं, आता हेच केळ खा. सगळे लोळले.

मग मॅडमनी सगळ्यांना सूर्याच्या खोलीत नेलं.

"हे लाडमामा," त्या म्हणाल्या. "मघाशी हसलात ना त्यांना बघून? आता ऐका. मी इथं पाच वर्षं काम केलं, आणि माझं काम चुकलं. का कळलं? कारण मामांनी सगळ्यांसमोर कबूल केलं, की त्यांच्या हातून माप चुकलं. नोकरी जाईल अशी भीती असताना. शास्त्र म्हणजे फक्त हुशारी नाही. खरं सांगणारा माणूस लागतो लॅबमध्ये."

आणि त्या चाळीस पोरांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. एक पोरगी तर वहीत लिहून घेत होती.

पोरं बसकडे गेली. मॅडम मागं थांबल्या, दिव्याचं पांघरूण नीट करत होत्या. जुनी सवय.

"मॅडम, थांबा," मी म्हटलं.

आणि सांगितलं. मास्क, डबी, निनादला फसवायचा बेत, रजिस्ट्रार, दोन वर्षं तोच. नवा म्हणून दिलेला जुना. खडे, जत्रा, सतरा दिवस.  मी जमिनीकडे बघून बोलत होतो. संपल्यावर मला वाटलं आता हात उचलतील. उचलला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे सोळा खरं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"सोळा पूर्णांक एक."

"हो."

त्या स्टुलावर बसल्या. "दांड्या चालत होत्या मामा." विचारत नव्हत्या. मला सांगत होत्या, जशी काही ती बातमी मला माहीत नव्हती. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी बघितलेलं नव्हतं. हजार लोकांना फसवून हजार चेहरे बघितलेत मी. पहिल्यांदा त्या हसल्या. चांगलं मोठं, लहान पोरीसारखं. मग ते हसणं कुठंतरी अडलं, आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

खाली बसचा हॉर्न वाजला. एक पोरगी धावत दारात आली. "मॅडम, ड्रायव्हरकाका थांबलेत."

"आले, तू हो पुढं." ती गेल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुम्ही चला खाली."

"मी?"

"मी त्या पोरांना खोटं सांगितलंय. लिहून घेतलंय त्यांनी. बसमध्ये चढा आणि आत्ता मला जे सांगितलंत ते त्यांना सांगा. सगळं."

"मॅडम, पोरं आहेत ती. मी तुम्हाला सांगितलं, सरांना लिहून देतो, विद्यापीठाला..."

"ते द्याच. आधी पोरं." त्या उठल्या. "आणि मामा, हसवू नका त्यांना."

मी त्यांच्या मागोमाग जिना उतरलो. त्या बसच्या दाराशी खाली उभ्या राहिल्या. मी चढलो. मला बघताच पुढच्या बाकांवर आधीच दात निघाले. कुणीतरी ओरडलं, "मामा, केळ आणलं का?"

"मघाशी मॅडमनी जे सांगितलं ते खरं नाही," मी म्हटलं. "माप चुकलं नव्हतं. मास्क मी बदलला होता."

मागच्या बाकावरून एकजण फिस्सकन हसला, आणि मग सगळी बस हसायला लागली. लिहून घेणारी ती पोरगी सुद्धा. त्यांना वाटलं आता गंमत येणार. मी दांडा धरून उभा राहिलो. हसणं थांबायला बराच वेळ लागला. मग मी परत पहिल्यापासून सांगायला लागलो.